टुमचं पोट कुठं डुखटं?

टेकडीवरच्या आमच्या गप्पांना दोनच विषय पुरतात: कुणाचं काय दुखतंय आणि कोण कसं बोलतं. राजकारण वर्ज्य आहे, कारण त्यावरून दोघेजण एकदा वेगवेगळ्या वाटांनी टेकडी उतरले ते अजून तसेच उतरतात. पैशांबद्दल पुण्यात कुणी मोकळेपणानं बोलत नाही. राहता राहिली तब्येत, आणि तब्येतीबद्दल बोलायचं म्हणजे इंग्रजी आलंच. क्रिएटिनिन, प्रोस्टेट, बॉर्डरलाइन, स्टेंट. भुसावळचे टीसी (तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले, खरं नाव कधीच मागे पडलं) ‘छातीत दोन स्टँड टाकलेत’ असं सांगतात, जणू एक स्वारगेट आणि दुसरा शिवाजीनगर. नागपूरचे बापू ‘डाक्टर’ आणि ‘हास्पिटल’ म्हणतात. वेंगुर्ल्याचे नाना प्रत्येक वाक्य शेवटाला किंचित वर नेऊन सोडतात, त्यामुळे त्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी ऐकणाऱ्याला शंका येते. आणि बाई. शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सगळ्यांच्याच बाई. त्यांच्या देखत बीपीचा आकडा सांगतानाही आमची जीभ चाचरते.

मी मिरजेचा. आमच्या घरी उच्चारांवरून हसण्याची सुरुवात उलट्या बाजूनं झाली. आमच्या कुणाच्या इंग्रजीला कुणी हसायच्या कितीतरी आधी आमची पणजी एका साहेबाच्या मराठीला हसली होती, आणि तेही पोटातली कळ दाबून धरून.

ही गोष्ट आजीनं सांगितलेली. ती तेव्हा परकराच्या वयाची होती. कृष्णाकाठच्या गावातून तिच्या आईला बैलगाडीत घालून मिरजेच्या मिशन दवाखान्यात आणलं होतं. ‘पोटात गोळा झालाय’ एवढंच निदान, गावातल्या सुइणीनं केलेलं. गाडीत खाली कडबा, वर वाकळ, आणि चाक दगडावरून गेलं की पणजीचं ‘अगं आई गं’. दवाखान्याच्या आवारात नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली पेटलेल्या असत; कानडी मुलखातली माणसं एका झाडाखाली, घाटाखालची दुसऱ्या. तपासायला उंच, गोरा साहेब आला, खुर्ची ओढून पणजीशेजारी बसला आणि म्हणाला, ‘टुमचं पोट कुठं डुखटं?’

पणजीला हसू फुटलं. हसल्यावर पोट जास्त दुखलं, म्हणून ती कळवळली, आणि साहेबानं काळजीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग नर्सही हसली. पुढं क्लोरोफॉर्मचा गोडसर वास, शुद्धीवर आल्यावरची ओकारी, टाके, पेज, आणि कितीतरी आठवड्यांनी त्याच गाडीतून परत. पणजी त्यानंतर पुष्कळ जगली. आणि आमच्या घरात कुणाही पोराचं पोट दुखलं की ‘टुमचं पोट कुठं डुखटं?’ असंच विचारायची रीत पडली. पोरगं हसलं तर शाळेत पाठवायचं, नाही हसलं तर डॉक्टरकडे न्यायचं. ही तपासणी मी माझ्या मुलांवरही केली आहे. ती सहसा चुकत नाही.

तो साहेब म्हणजे खुद्द वानलेस, असं आजी ठासून सांगे. घरातल्या बाकीच्यांना तेवढी खात्री नव्हती. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे 1889 साली हिंदुस्थानात आले. मिरजेचं इस्पितळ 1894 मधलं, त्याला जोडून डॉक्टर तयार करणारी शाळा 1897 पासून. 1928 साली निवृत्त होताना ते ‘सर’ झाले होते आणि 1933 मध्ये कॅलिफोर्नियात वारले. मिरज आणि सांगलीच्या मधल्या वानलेसवाडीत त्यांच्या नावाचं क्षयाचं इस्पितळ उभं राहिलं. आमच्या लहानपणी ‘त्याला वानलेसवाडीला ठेवलाय’ एवढं वाक्य आवाज खाली आणून उच्चारलं जाई आणि पुढं कुणी काही विचारत नसे. त्या काळी क्षयरोग्याच्या घरात मुलगी द्यायला लोक कचरत. मिरजेत मोठी माणसं दोन गोष्टींसाठी येत, तंबोरा घ्यायला नाहीतर ऑपरेशनला. आणि आमच्या गावानं दोन्ही कामं चोख केली, हे सांगायची संधी मी सहसा सोडत नाही.

साहेबाची मराठी कच्ची होती, असं मात्र म्हणता येणार नाही. मिशनऱ्यांना मराठी रीतसर शिकून परीक्षा द्यावी लागत असे. ‘तुमचं’ हा आदरार्थी शब्द त्याला येत होता, ‘कुठं’ हे बोली रूपही येत होतं. अडत होता फक्त त आणि द. इंग्रजीत दातांना जीभ टेकवून काढायचा आपला त नाहीच. त्यांचा टी दातांच्या जरा मागं, हिरडीच्या उंचवट्यावर वाजतो. आणि आपण तो टी टाळूकडे मागं ढकलून ‘टेबल’, ‘टायर’, ‘टॉनिक’ करतो. साहेब पुढं यायला कमी पडत होता, आपण मागं जाऊन ओलांडून जातो. हिशेब करायचा तर दोघांच्याही जिभा सारख्याच चुकतात. हे मी टेकडीवर मांडलं तेव्हा बाई म्हणाल्या, ‘बरोबर आहे. पण परीक्षेत मार्क तुमचेच जाणार.’

नानांकडे याच्या तोडीची गोष्ट आहे आणि ती ते संधी मिळताच काढतात. वेंगुर्ल्याच्या मिशन इस्पितळात डॉ. गोहीन होते, तेही अमेरिकन प्रेस्बिटेरियन. नानांचे आजोबा सांगत की डॉक्टरांना मालवणी चांगली कळे. घाटावरून बदलून आलेल्या मामलेदाराला गाऱ्हाणं समजत नसे, पण डॉक्टरांना पोटातली ‘कळ’ आणि ‘आग’ यांतला फरक कळत असे. या डॉक्टरांना 1919 साली वेंगुर्ल्यात मुलगा झाला. रॉबर्ट गोहीन हा तो मुलगा. तो पुढं 1957 पासून 1972 पर्यंत प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष होता. त्या विद्यापीठात पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश मिळाला तो त्याच्याच कारकिर्दीत, 1969 मध्ये. आणि 1977 साली तो अमेरिकेचा राजदूत होऊन भारतात आला. ‘आमच्या वेंगुर्ल्यात जल्मलेलो झील अमेरिकेचो राजदूत होऊन दिल्लीक इलो,’ नाना म्हणतात, ‘तुमच्या पुण्यातसून कोण गेलो, सांगा बघू.’ पुण्यातून राजदूत गेले असतील, पण दुसऱ्या देशाचा राजदूत पुण्यानं पुरवल्याचं निदान आमच्या कट्ट्याला आठवत नाही. नानांचा मुद्दा तेवढ्यापुरता बिनतोड राहतो.

बापूंचा सिद्धांत याहून धाडसी आहे. त्यांचं म्हणणं, आपल्या इंग्रजीतला खणखणीत र हा स्कॉटिश आहे. ‘काहून नाही? हिस्लॉप स्कॉटिश, विल्सन स्कॉटिश, एल्फिन्स्टन स्कॉटिश. अबे, मास्तरच तिकडचे असतील तर पोट्टे कसे बोलतीन?’ यात माहितीची चूक एकही नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आले, तिथं शाळा काढली, त्या भागातले खडक आणि जीवाश्म गोळा केले आणि 1863 साली पाण्यात बुडून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून चालू आहे. मुंबईत जॉन विल्सननी 1832 साली शाळा सुरू केली, तिचं पुढं विल्सन कॉलेज झालं. स्कॉटिश माणूस ‘कार’ म्हणताना शेवटचा र गिळत नाही, लंडनचा गिळतो, हेही खरं. पण निष्कर्ष मला पटत नाही. आपण र म्हणतो कारण तो लिहिलेला दिसतो. मास्तर स्कॉटिश असो नाहीतर कराडचा, ‘डॉक्टर’च्या शेवटी आर छापलेला आहे, त्याचे पैसे मोजलेत, तो का सोडायचा? आपण इंग्रजी कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त शिकलो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून ज्या पिढ्यांनी इंग्रजी घोटलं, त्यांतल्या बहुतेकांनी गोरा माणूस बोलताना कधी ऐकलाच नव्हता. म्हणून ‘वेड्नेसडे’ आणि ‘ऑफ्टन’. टीसी तेवढे अपवाद. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड शेजारी असल्यामुळे त्यांनी ‘व्हॉट, मॅन’ थेट कानांनी उचललं. घरी मात्र ते अहिराणी बोलत आणि फलाटाला ठेसनच म्हणत.

आता तब्येतीकडे येतो. अलीकडे कुठल्याही मोठ्या डॉक्टरकडे गेलं की आधी एक फॉर्म भरून घेतात. घरात कुणाला डायबेटिस? हृदयविकार? कॅन्सर? आमच्या पिढीची पंचाईत अशी, की आपले आजे-पणजे कशानं गेले हे आम्हाला ठाऊकच नाही. कागद नाही, केसपेपर नाही. फक्त आत्या-काकांनी सांगितलेल्या गोष्टी. त्यामुळे टेकडीवर अधूनमधून आमचा एक विचित्र उद्योग चालतो: मेलेल्या माणसांचं निदान करणं. बापूंचे आजोबा ‘पायाला बाभळीचा काटा लागल्याचं निमित्त होऊन’ गेले. जखम भरेना, चिघळत गेली, पाय काळा पडला. आम्ही सगळ्यांनी एकमतानं साखर ठरवली. नानांच्या चुलत आजोबांना जेवून उठताना ‘छातीत वारं धरलं’ आणि ते तिथंच पाटावर आडवे झाले. हे वारं कसलं हे सांगायला आता डॉक्टर लागत नाही. बाईंची आजी बाळंतपणानंतर ‘वाळत गेली’. तिथं मात्र आम्ही गप्प बसलो. आणि माझ्या आजोबांची दोन भावंडं एकाच आठवड्यात गेली ती मानमोडीत, म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएन्झात. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं मेली. आजी वर्षं मोजायची ती अशीच: प्लेगात गाव बाहेर काढला तेव्हा अमकी जन्मली, मानमोडीच्या साली तमक्याचं लग्न मोडलं. सन तिला एकही सांगता येत नसे.

या गोष्टींचा उपयोग काय, असं माझा मुलगा विचारतो. त्याला बाई उत्तर देतात. बाई सडसडीत आहेत, गोडाला शिवत नाहीत, रोज टेकडी चढतात, आणि साखर त्यांनाच सगळ्यांत जास्त. याचा त्यांना इतका राग आला की त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता पुण्यातच थांबल्या. केईएम इस्पितळातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख लिहिला, सोबत दोघांचा फोटो. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3. म्हणजे कागदावर दोघं सारखेच सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. बाईंनी ते चित्र मोबाइलवर आम्हा सगळ्यांना दाखवलं. टीसींनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि फोन लगेच परत दिला.

याज्ञिकांचं पुढचं म्हणणं असं, की या बारीक दिसणाऱ्या लठ्ठपणाची सुरुवात आईच्या पोटात होते. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून त्यांनी गरोदर बायकांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी 2.7 किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपली बाळं हाडामांसानं कमी भरली, चरबी मात्र त्यांनी त्या मानानं राखून ठेवली होती. उपाशी मुलखात हा शहाणपणा होता. भरल्या ताटापुढं तो अंगावर येतो. बाईंचं बालपण दुष्काळी पट्ट्यातलं. त्यांच्या आईनं भाकरीचा तुकडा कसा मुलांना दिला आणि स्वतः ताकावर झोपली, ही गोष्ट त्या पूर्वी मातृप्रेमाची म्हणून सांगत. हल्ली ती गोष्ट त्या डॉक्टरांच्या फॉर्मवर लिहितात. ‘घरात कुणाला?’ याच्यापुढं एवढीशी जागा असते, बाई मागच्या कोऱ्या बाजूला जातात.

आमच्या लहानपणी दवाखाना म्हणजे बाटली. ती घरून न्यायची, स्वच्छ धुऊन. कंपाउंडर आतून गुलाबी मिक्श्चर भरून आणायचा आणि बाटलीच्या अंगाला कागदाची एक पट्टी चिकटवायचा, कात्रीनं दोन्हीकडून खाचा पाडलेली. एक खाच म्हणजे एक डोस. काय झालंय हे डॉक्टर सांगत नसत, आपणही विचारत नसू. औषधाचं नाव कळायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे ते चुकीचं उच्चारायचाही नव्हता. आज चारपानी रिपोर्ट घरी येतो, जाड ठशात आकडे आणि शेजारी बाण. रात्री झोप लागत नाही ती त्या बाणांमुळे. मला जुना काळ परत नको आहे. त्या गुलाबी पाण्यात नेमकं काय होतं याचा आज विचार केला तरी पोटात कालवतं. पण कंपाउंडरच्या कात्रीची ती कुरकुर ऐकली की ताप अर्धा उतरायचा, हेही खोटं नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आम्ही पाचवीला ए बी सी गिरवलेली माणसं. त्या बातमीनं आम्हाला आपलं आयुष्य चार वर्षं उशिरा सुरू झाल्यासारखं वाटलं. त्याच सुमारास पुण्यात कॉल सेंटरं उघडली आणि टीसींच्या थोरल्या मुलीला तिथं नोकरी लागली. बापाच्या पेन्शनपेक्षा पोरीचा पहिला पगार जास्त, म्हणून टीसींनी आधी पेढे वाटले आणि मग त्यांना काळजी लागली. न्यू यॉर्कचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा नाहीतर साडेसात झालेले असतात. पोरगी दिवेलागणीला गाडीत बसायची आणि दूधवाल्याबरोबर परतायची.

सुरुवातीचे काही आठवडे फक्त जीभ वळवण्याचं शिक्षण. टीसी तिची नक्कल हुबेहूब करतात. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची आणि ‘पेशंट’ म्हणायचं. प बरोबर फुंकर बाहेर पडून कागद हलला पाहिजे. आपला प फुंकर सोडत नाही, कागद हलतो तो फ म्हटल्यावर. पोरगी आरशासमोर उभी राहून ‘प्हेशंट, प्हेमेंट, प्होलिसी’ करायची आणि आजी आतून ओरडायची, ‘अगं, थुंकी उडतेय.’ मग व्ही आणि डब्ल्यू. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू. आपण लिहिताना ‘व्हिटॅमिन’ आणि ‘वॉटर’ असा भेद इमानेइतबारे करतो, बोलताना मात्र बहुतेकांचे दोन्ही व एकाच माळेचे मणी. शिवाय ‘वॉटर’मधला ट मऊ करून ‘वॉडर’ म्हणायचं. बाईंना हे ऐकून पहिल्यांदा खरंच दुःख झालं. ‘मी ज्या मुलांना ट नीट म्हणायला शिकवलं, त्यांना पगार देऊन ड म्हणायला लावतात,’ त्या म्हणाल्या.

तिचं काम अमेरिकन लोकांच्या दवाखान्याच्या बिलांचं होतं. विम्यानं किती भरलं, तुम्ही किती भरायचं. त्यामुळे फोनवर बहुतेक म्हातारी माणसं, आणि म्हातारी माणसं बिलावर थांबत नाहीत. बिल गुडघ्याचं असेल तर गुडघ्यावर येतात, गुडघ्यावरून जावयावर. तिच्या स्वतःच्या तब्येतीची तोपर्यंत वाट लागली होती. चोविसाव्या वर्षी ॲसिडिटी, अवेळी जेवण, पर्समध्ये कायम जेल्युसिल. एका रात्री ओहायोकडची कुणी आजीबाई फोनवर आली. हिनं नेमून दिलेलं नाव सांगितलं, बिलाचा नंबर घेतला, आणि नियमाप्रमाणे विचारायच्या प्रश्नांच्या जागी तिच्या तोंडून निघून गेलं की आता कुठं दुखतंय तुम्हाला? म्हातारी बोलत राहिली. ऑपरेशन, टाके, रात्रीची कळ, शेजारीण सूप आणून देते ते फार खारट असतं. मधेच म्हणाली, मुली, तू बोलतेस छान, पण जरा खोकतेस, मध घे.

सुपरवायझरनं तो फोन दुसऱ्या दिवशी ऐकला. प्रत्येक फोनला मिनिटांची मर्यादा असते, ती कितीतरी ओलांडलेली. त्यानं दिलेल्या कागदावरचा शेरा टीसींना तोंडपाठ आहे आणि टेकडीवर ते तो स्वतःच्या भुसावळी इंग्रजीत म्हणून दाखवतात: उच्चार उत्तम, वेळेचं भान नाही, दहा गुण वजा. ‘दहा गुण!’ ते अजून चिडतात. मध मात्र पोरीनं घेतला, आणि बाईंचं म्हणणं, डायबेटिस घराण्यात असताना तोही घ्यायला नको होता.